फोनमधले पाकीट आणि घरातला पैसा

आपल्या वस्त्यांतून आता मोबाईल नाही असे घर क्वचितच सापडेल. मुलांचे दप्तर, शिलाई यंत्राचा सुटा भाग, मिक्सरचे भांडे, आजीच्या गुडघ्याची पट्टी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके अशा कितीतरी वस्तू आज घरबसल्या मागविल्या जातात. कामावरून सुटून बाजार गाठण्याइतका वेळ नसलेल्या माणसाला ही सोय मोठी आहे. बाजारात दुकानदाराने वरपासून खालपर्यंत न्याहाळावे आणि मगच माल दाखवावा, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना तर या खरेदीचे विशेष वाटते. इथे सर्वांना एकच भाव आणि एकच माल दिसतो, ही भावना आमच्या अनेक भगिनी बोलून दाखवितात.

या खरेदीत पैसे भरताना पडद्यावर एक छोटी चौकट येते. 'हे कार्ड जतन करायचे का?' असा तिचा प्रश्न असतो. खाली दोन बटणे असतात. त्यातले 'होय'चे बटण ठळक असते आणि 'नको'चे फिके. घाईत असलेले बोट साहजिकच ठळक बटणावर पडते आणि त्या क्षणी आपल्या कार्डाचा नंबर फोनमधल्या एका पाकिटात जाऊन बसतो. हे पाकीट कुणाचे, ते कुठे असते, त्याला कुलूप असते का, हे विचारायला कुणाला सवड नसते. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात असे आम्हांस वाटते.

हे पाकीट म्हणजे काय?

इंटरनेटवरची पाने ज्यातून उघडतात त्याला ब्राउझर म्हणतात. गुगलचे क्रोम, मायक्रोसॉफ्टचे एज, ॲपलचे सफारी हे नेहमीच्या वापरातले ब्राउझर. आपल्याकडच्या बहुतेक फोनांत क्रोम असतो. या ब्राउझरच्या पोटात एक कप्पा असतो. त्यात आपला पत्ता, फोन नंबर, कार्डाचा नंबर, त्यावरचे नाव आणि मुदतीची तारीख एवढी माहिती जपून ठेवता येते. पुढच्या खरेदीच्या वेळी सोळा आकडे पुन्हा टंकावे लागत नाहीत. चौकटीवर बोट ठेवले की ब्राउझर ते भरून देतो.

एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. या पाकिटात पैसे नसतात. पैसे बँकेच्या खात्यातच असतात. मोबाईल कंपन्यांच्या काही पाकिटांत आपण आधी रक्कम भरतो आणि मग ती खर्च करतो, तसा हा प्रकार नाही. 'गुगल पे' ही यूपीआयने पैसे पाठविण्याची सोय वेगळी, मे २०२४ मध्ये भारतात आलेले तिकिटे व पास ठेवण्याचे 'गुगल वॉलेट' वेगळे, आणि क्रोममधला कार्डांचा हा कप्पा वेगळा. नावे सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो.

पाकिटात पैसे नाहीत, मग धोका कसला, असे कुणी म्हणेल. पण कपाटाची किल्ली चोरणाऱ्याला किल्लीचे काय मोल? त्याला कपाट हवे असते. कार्डाचा नंबर ही तशीच किल्ली आहे.

सोय खरी आहे, ती नाकारू नये

नव्या वस्तूला घाबरून दूर राहणे हा आमच्या सांगण्याचा हेतू नाही. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, ज्यांना सोळा आकडे चष्मा लावूनही नीट दिसत नाहीत, त्यांना या कप्प्याचा मोठा आधार होतो. आकडा चुकला, पुन्हा भरा, पुन्हा चुकला, हा त्रास वाचतो. दुसरे असे की, कार्ड सारखे पर्समधून काढून चारचौघांत आकडे वाचावे लागत नाहीत. आम्ही असेही पाहतो की, पुष्कळ जण कार्डाचा फोटो काढून ठेवतात किंवा तो नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवितात, म्हणजे 'वेळेवर सापडावा'. त्या फोटोत कार्डाच्या दोन्ही बाजू असतात आणि तो किती फोनांत फिरतो याचा पत्ता नसतो. अशा फोटोपेक्षा ब्राउझरचा कप्पा शतपटीने बरा.

शिवाय आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने दोन पहारे बसविले आहेत. पहिला पहारा जुना आहे. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना कार्डावर छापलेल्या आकड्यांखेरीज आणखी एक खूण बंधनकारक झाली. आपल्या फोनवर येणारा ओटीपी तो हाच. केवळ कार्डाचे आकडे कुणाच्या हाती लागले म्हणून देशातल्या दुकानात खरेदी होऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

दुसरा पहारा १ ऑक्टोबर २०२२ पासूनचा. त्यापूर्वी खरेदीची संकेतस्थळे ग्राहकांचे कार्ड नंबर आपल्याकडे साठवून ठेवीत. रिझर्व्ह बँकेने ते बंद केले. कार्ड देणारी बँक आणि रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी कार्डाची जाळी सोडून पैशाच्या व्यवहारातील इतर कुणीही खरा नंबर ठेवू नये, असे ठरले. आता दुकानात कार्ड 'जतन' केले तर तिथे खऱ्या नंबराऐवजी टोकन नावाचा एक बदली आकडा राहतो. तो त्या दुकानापुरताच चालतो. उद्या त्या दुकानाची यादी चोरीला गेली तरी चोराला आपला नंबर मिळत नाही. टोकनसाठी ग्राहकाची स्पष्ट संमतीही घ्यावी लागते.

मात्र हा नियम दुकानांसाठी आणि पैसे पोचविणाऱ्या मधल्या कंपन्यांसाठी आहे. आपल्या फोनमधला ब्राउझरचा कप्पा ही दुकानाची वही नव्हे. त्याची राखण आपल्यालाच करावी लागते. 'आता सगळे सुरक्षित झाले आहे' असे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा.

पाकिटाला दुकानदार ओळखता येत नाही

ब्राउझरमध्ये जपलेला पासवर्ड आणि जपलेले कार्ड यांत मोठा फरक आहे. पासवर्ड एका ठराविक संकेतस्थळाशी बांधलेला असतो. नावात एका अक्षराचा बदल करून कुणी खोटे दुकान काढले, तर ब्राउझर आपणहून तिथे पासवर्ड भरत नाही. कार्डाचे तसे नाही. कार्ड कुठल्याही दुकानात चालायचे असते, म्हणून पैसे भरण्याचा तक्ता दिसला की ब्राउझर कार्ड पुढे करण्यास तयार होतो. दुकान खरे आहे की काल रात्री कुणी उभे केलेले सोंग आहे, हे त्याला कळत नाही.

'पण तिथे कुलपाचे चित्र होते' असे फसलेले लोक सांगतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की, आपल्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारी माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. बंद लिफाफ्यातून पत्र पाठविले म्हणून ते घेणारा सज्जन ठरत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलूपच काढून टाकले आणि तिथे दुसरी खूण आणली.

मग दुकान ओळखावे कसे? ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. त्यानुसार अशा दुकानाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क पानावर देणे बंधनकारक आहे. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असेही नियमात आहे. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती समजू नये, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून तीन हजारांची साडी तीनशेत देणाऱ्या जाहिरातीवरून कुठल्या पानावर पोचलात, तर आधी खाली जाऊन पत्ता पाहावा. पत्ता नाही, तक्रार अधिकारी नाही, फक्त एक व्हॉट्सॲप नंबर आहे, तर तिथे कार्ड वापरू नये. मनात शंका असेल तर वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याचा पर्याय निवडावा. तो पर्यायच नसेल तर मोह आवरावा.

दोन कुलपे, किल्ल्या एकाच खुंटीला

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. ब्राउझरचे हे पाकीट ज्यांनी तयार केले त्यांच्या डोळ्यांपुढे एक माणूस आणि त्याचा एक फोन असे चित्र होते. आपल्या घरांत चित्र निराळे आहे. फोन एक आणि हात चार. सकाळी तो वडिलांच्या खिशात असतो, दुपारी मुलीच्या अभ्यासाला लागतो, संध्याकाळी धाकट्याच्या खेळाला आणि रात्री आई त्यावर गावाकडे बोलते. फोनचे कुलूप उघडण्याची खूण घरातल्या सर्वांना ठाऊक असते. बोटाचा ठसा लावला असेल तर तिघाचौघांचे ठसे त्यात असतात.

अशा फोनमध्ये कार्ड जतन केले की काय होते ते पाहा. कार्डाचा नंबर त्याच फोनमध्ये आणि ओटीपी येतो तोही त्याच फोनवर. कार्डामागचे तीन आकडे, ज्यांना सीव्हीव्ही म्हणतात, तेही कुणी सोयीसाठी फोनमध्येच लिहून ठेवलेले असतात. रिझर्व्ह बँकेने एकाऐवजी दोन कुलपे लावली, पण आपण दोन्ही किल्ल्या एकाच खुंटीला अडकवून ठेवल्या. ती खुंटी ज्याच्या हाती लागेल त्याला दोन्ही कुलपे उघडता येतात.

हा हात चोराचाच असेल असे नाही. खेळातली तलवार विकत घेणारा आपला दहा वर्षांचा मुलगा असू शकतो. 'उद्या परत ठेवतो' म्हणणारा भाऊ असू शकतो. फोन दुरुस्तीला दिला तेव्हा 'खूण सांगा, तपासावे लागेल' म्हणणारा अनोळखी कारागीर असू शकतो. ज्या घरात महिन्याचा पगार दहा तारखेपर्यंतच पुरतो, बचत गटाचा हप्ता ठरल्या दिवशी द्यावाच लागतो, तिथे दीड हजाराची अशी गळतीही मोठी असते. आणि त्यानंतर घरात एकमेकांवर जो संशय येतो, त्याची भरपाई कुठलीच बँक करीत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला वस्तीत फिरताना वारंवार आढळते. फोन घेतला त्या दिवशी त्यातले गुगलचे खाते दुकानातल्या मुलाने उघडून दिलेले असते. पासवर्ड त्यानेच ठेवलेला असतो आणि तो मालकाला ठाऊकही नसतो. काही घरांत खाते भाच्याच्या नावाचे असते. जतन केलेले कार्ड फक्त फोनमध्ये राहू शकते, किंवा त्या गुगल खात्यातही जाऊ शकते. खात्यात गेले तर ते खाते जिथे जिथे उघडे आहे तिथे तिथे ते दिसू शकते. दुसऱ्याने उघडलेल्या खात्यात आपले कार्ड ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या ट्रंकेत आपले दागिने ठेवण्यासारखे आहे. म्हणून पाकिटाचा विचार करण्यापूर्वी खाते कुणाचे आहे ते पाहावे, पासवर्ड बदलून घ्यावा आणि तो स्वतःपाशी ठेवावा.

घरात काय करावे?

पहिले काम, कप्पा उघडून पाहणे. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. तिथून सेटिंग्जमध्ये जाऊन पैसे देण्याच्या पद्धती, म्हणजे पेमेंट मेथड्स, असे लिहिलेल्या ठिकाणी जावे. तिथे जतन झालेली कार्डे दिसतात. आपण कधी 'होय' म्हटले हे आठवत नसले तरी तिथे दिसते. नको असलेले कार्ड तिथूनच काढता येते आणि पुढे कार्ड जतन करण्याची सूचनाच येऊ नये, असा खटकाही तिथे आहे.

दुसरे, फोन सामाईक असेल तर कार्ड जतन करू नये. फोन एकाच माणसाचा असेल, त्याची खूण फक्त त्यालाच ठाऊक असेल, तर जतन करण्यास आमची हरकत नाही. मात्र सीव्हीव्ही कुठेही जतन करू नये. तीन आकडे टंकण्याचे कष्ट घ्यावेत. जपलेले कार्ड भरण्यापूर्वी फोनचे कुलूप पुन्हा मागण्याची सोय ब्राउझरमध्ये असेल, तर ती चालू करावी.

तिसरे, बँकेत मर्यादा लावून घ्यावी. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की, कार्डाचा इंटरनेटवरील वापर आणि परदेशी वापर चालू-बंद करण्याची व मर्यादा ठरविण्याची सोय ग्राहकाला द्यावी. ही सोय बँकेच्या ॲपमध्ये, एटीएमवर किंवा शाखेत मिळते. इंटरनेटवरील खरेदीची मर्यादा आपल्या ऐपतीप्रमाणे दोन हजार, तीन हजार अशी ठेवावी. परदेशी वापर बंदच ठेवावा, कारण परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न विचारता रक्कम कापली गेल्याचे प्रकार घडले आहेत. पगाराचे खाते आणि खरेदीचे कार्ड एकच असेल तर ही मर्यादा म्हणजे घराचा बांध समजावा.

चौथे, सायबर कॅफे, कचेरीतला संगणक, सेवा केंद्र किंवा मित्राचा फोन यावर कार्ड जतन करण्याचा प्रश्न आला तर उत्तर एकच : नको. फोन दुरुस्तीला देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वीही कप्पा रिकामा करावा.

पाचवे, बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावावा. तो नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो हे खरे, पण कार्ड किंवा फोनच हरवला तर तो शोधायचा कुठे? इंटरनेटवर 'ग्राहक सेवा' म्हणून शोधल्यास भामट्यांचे नंबर पुढे येतात, हे अनेकांनी पैसे घालवून शिकले आहे.

पैसे गेलेच तर

अशा वेळी माणूस दोन गोष्टींनी खचतो. एक लाज आणि दुसरी 'आता काय उपयोग' ही भावना. दोन्ही बाजूला ठेवाव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. प्रथम बँकेला फोन करून कार्ड बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळविले जाण्यापूर्वी ते अडविता यावेत यासाठीच हा क्रमांक आहे. त्यामुळे पहिल्या तासाला किंमत आहे.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर तोशीस नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी घुसखोरी केली, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास ग्राहकाला काहीच सोसावे लागू नये, असे त्यात म्हटले. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकले. ओटीपी किंवा पासवर्ड आपणच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कसेही असो, कळविण्यात शहाणपण आहे. नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून ताजी मुदत शाखेत विचारून घ्यावी.

शाखेत तोंडी बोळवण झाली तर लेखी अर्ज द्यावा आणि दुय्यम प्रतीवर शिक्का घ्यावा. कारकुनी करताना आम्ही एवढे शिकलो आहोत की, शिक्क्याच्या कागदाला जे वजन असते ते डोळ्यांतल्या पाण्याला नसते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. खोटा किंवा खराब माल आला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे.

खातेदार कोण, निर्णय कुणाचा?

एक शेवटची गोष्ट आमच्या भगिनींसाठी. पुष्कळ घरांत कार्ड आईच्या नावाचे असते, पैसे तिच्या कष्टाचे असतात आणि फोन मात्र मुलगा किंवा नवरा हाताळतो. कार्ड कुठे जतन केले, किती कापले गेले, हे तिला महिनाअखेरीस कळते. तसे होऊ नये. बँकेचे संदेश ज्या नंबरावर येतात तो फोन खातेदाराजवळ असावा, ओटीपी तिने स्वतः वाचावा आणि संदेशात लिहिलेली रक्कम व दुकानाचे नाव पाहूनच तो भरावा. वाचता येत नसेल तर मुलीने मोठ्याने वाचून दाखवावे आणि आईने होय म्हणावे. 'तुला त्यातले काय कळते' असे घरातले कुणी म्हणाले, तर ज्याचा पैसा त्याला विचारावेच लागते, असे शांतपणे सांगावे.

वस्तीतल्या महिला मंडळांनी आणि युवकांनी एखाद्या रविवारी तासभर एकत्र बसावे, प्रत्येकाने आपला फोन उघडावा आणि त्यातला कप्पा पाहावा, अशी आमची विनंती आहे. खाते कुणाचे, कार्ड किती, मर्यादा केवढी, एवढे तीन प्रश्न पुरेत. त्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या दोन घरांना दाखविले तरी महिनाभरात सारी गल्ली शहाणी होते. या सोयी आपल्यासाठी आहेत, त्या आपण वापरल्याच पाहिजेत. फक्त पुढच्या वेळी ती छोटी चौकट दिसली की बोट क्षणभर थांबवावे, फोन कुणाकुणाच्या हाती जातो ते आठवावे आणि मगच होय की नको ते ठरवावे.